२९ वर १९ शून्यं

अंडं फोडायचं, पांढरं बोटांच्या फटीतून वाटीत गाळायचं आणि बलक मोरीत सोडायचा. वजन उतरवायला निघालेल्या कितीतरी घरांत सकाळी हेच चालतं. भीती असते ती बलकातल्या कोलेस्टेरॉलची. मोठ्या अंड्यात ते असतं सुमारे १८६ मिलिग्रॅम. पण त्याचे रेणू मोजले तर आकडा येतो २९ वर १९ शून्यं! जगातल्या ८०० कोटी माणसांत ते वाटले, तरी प्रत्येकाच्या पदरात सुमारे ३,६०० कोटी रेणू पडतील.

छाती दडपते ना? आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. आपल्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत आणि प्रत्येकीच्या आवरणाला कोलेस्टेरॉल लागतंच. बलकातले सगळे रेणू त्यांना सारखे वाटले, तर एकीला मिळतील जेमतेम १ कोटी. एका तांबड्या रक्तपेशीच्या आवरणातच त्याच्या दहापटीहून जास्त रेणू असतात. म्हणून शरीर स्वतःच रोज ८०० ते १,००० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल बनवतं, म्हणजे जवळपास ५ बलकांइतकं. खाण्यातून जास्त आलं, की बहुतेकांचं शरीर आपलं उत्पादन कमी करतं.

भीतीला आकडा चिकटला १९६८ मध्ये. अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला ३ बलक अशी मर्यादा सांगितली. अमेरिकेच्या सरकारी आहारसूचनांतून ३०० चा तो आकडा २०१५ नंतर गेला. आपल्या मोरीपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही.

आता वाटीतला हिशेब. २५ ग्रॅम प्रथिनं हवी असतील तर ४ अख्खी अंडी पुरतात; नुसतं पांढरं खायचं तर ७ अंडी फोडावी लागतात. उष्मांक २८८ वरून ११९ वर येतात, हा फायदा खराच. पण ७ बलकांबरोबर सुमारे १९ ग्रॅम प्रथिनं वाहून जातात, शिवाय अ, ड आणि ब-१२ जीवनसत्त्वं. मेंदूला आणि यकृताला लागणारं कोलीनही जातं, जवळपास दोन दिवसांना पुरेल एवढं.

हाच हिशेब देशाला लावू. २०२३-२४ मध्ये भारतात १४,२७७ कोटी अंडी निघाली. साडेपाच सेंटिमीटरचं एक, अशी ती रांगेत मांडली तर चंद्रावर जाऊन परत यायच्या १० फेऱ्या होतील. त्या सगळ्यांचे बलक फेकले, एका बलकात अडीच ग्रॅम प्रथिनं धरली, तर साडेतीन लाख टनांहून जास्त प्रथिनं गेली. रोज ५० ग्रॅमप्रमाणे जवळपास २ कोटी माणसांची वर्षभराची गरज! तुलनेला, २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मुंबईची लोकसंख्या होती १ कोटी २४ लाख.

ज्यांचं एलडीएल, म्हणजे रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेलं आहे, ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकार आहे, त्यांनी डॉक्टरांचंच ऐकावं. उष्मांक आवरायचे असतील तर एक अख्खं अंडं आणि आणखी दोन अंड्यांचं पांढरं घ्या: १०६ उष्मांक, साडेतेरा ग्रॅम प्रथिनं. निरोगी माणसाने मात्र बलकाला घाबरू नये; ऑम्लेटवर विरघळणाऱ्या लोण्याकडे आधी बघावं.

१९५०-५१ मध्ये या देशात माणशी वर्षाला ५ अंडी येत. आज एका सकाळी ७ बलक मोरीत जातात.