एवढीशी गोळी, पाच वर्षांची सोबत

ऑपरेशन झालं. केमोथेरपीच्या फेऱ्या झाल्या. रेडिएशनसाठी महिना-दीड महिना शहरात नातेवाइकांकडे राहून झालं. गेलेले केस परत आले. गल्लीतल्या बायका भेटायला आल्या आणि ‘सुटलीस गं बाई एकदाची!’ म्हणून गेल्या. घरात सत्यनारायणही झाला. आता राहिली ती फक्त एक गोळी. रोज एक, पाच वर्षं. ‘एवढंच ना? त्यात काय!’ असं घरातल्या सगळ्यांनाच वाटतं. जिला ती घ्यायची असते तिलाही.

पण मैत्रिणींनो, स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या कितीतरी जणींची कसोटी इथूनच सुरू होते. रात्री अचानक अंगातून वाफा निघतात. सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत. पाळी कधी येते, कधी येत नाही. चिडचिड होते, झोप उडते. नवऱ्याजवळ जाणं नकोसं होतं आणि ते कुणाला सांगता येत नाही. बरं, बाहेरून बघणाऱ्याला ती ठणठणीत दिसत असते. केमोच्या वेळी काळजी घेणारं घर आपापल्या कामाला लागलेलं असतं. ‘आता काय झालंय तुला?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. मग एक दिवस गोळी राहते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम ठेवली जाते. बरं वाटायला लागतं आणि गोळी गुपचूप बंद होते. घरात पत्ता नाही, डॉक्टरांनाही नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या साडेआठ हजारांहून जास्त स्त्रियांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यात हार्मोनचे उपचार ठरल्याप्रमाणे आणि पूर्ण मुदतीपर्यंत घेणाऱ्या जेमतेम निम्म्या निघाल्या. तेव्हा गोळीचा कंटाळा येणं, ती नकोशी होणं हा काही तुमचा दोष नाही. पण गुपचूप बंद करणं मात्र महागात पडू शकतं. ते का, हे आधी समजून घेऊ.

गोळी करते तरी काय?

तुमच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये ‘ईआर’ आणि ‘पीआर’ अशी अक्षरं असतात. ती ‘पॉझिटिव्ह’ असतील तर त्या गाठीच्या पेशींना स्त्रीच्या शरीरातल्या हार्मोनवर वाढायची सवय होती, असा त्याचा अर्थ. पेशीला एक कुलूप आहे आणि इस्ट्रोजेन हे हार्मोन त्याची किल्ली आहे, असं समजा. किल्ली लागली की पेशी वाढते. हा संबंध फार जुन्या काळी लक्षात आला होता. १८९६ साली जॉर्ज बीटसन या स्कॉटलंडमधल्या सर्जननं बीजकोश काढून टाकल्यावर स्तनाची गाठ आक्रसते असं दाखवून दिलं. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी टॅमॉक्सिफेन तयार केलं. गंमत म्हणजे, शोध चालला होता गर्भनिरोधकाचा! त्या कामी ते उपयोगाला आलं नाही, पण स्तनाच्या कॅन्सरवर मोठं औषध ठरलं.

टॅमॉक्सिफेन कुलपात जाऊन बसतं, म्हणजे खऱ्या किल्लीला जागा राहत नाही. पाळी सुरू असलेल्या आणि पाळी गेलेल्या, दोघींनाही ते देता येतं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या गोळ्यांचं काम वेगळं. पाळी गेल्यावरही शरीरातल्या चरबीत आणि इतरत्र थोडं इस्ट्रोजेन तयार होत असतं. या गोळ्या ते तयार होणंच थांबवतात. म्हणून त्या पाळी गेलेल्यांसाठी. पाळी सुरू असलेलीला त्या द्यायच्या तर बीजकोशाचं काम थांबवणारं इंजेक्शनही लागतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. केमोमुळे थांबलेली पाळी पुढे परत सुरू होऊ शकते. लेट्रोझोलसारखी गोळी चालू असताना तसं झालं, तर ‘बरं झालं, सगळं नीट झालं’ म्हणून गप्प बसू नका. लगेच डॉक्टरांना सांगा, कारण त्या गोळीचा तेव्हा हवा तसा उपयोग होत नाही.

आणि फायदा किती? टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घेतल्यावर पुढच्या पंधरा वर्षांत या आजारानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात, असं अनेक देशांतल्या हजारो स्त्रियांच्या अभ्यासातून दिसलं आहे. काही जणींना दहा वर्षंही गोळी घ्यायला सांगतात. या प्रकारचा कॅन्सर पाच-सात वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा डोकं वर काढू शकतो. गोळी बंद केली म्हणून दुसऱ्या दिवशी काही होत नाही, आणि म्हणूनच ती बंद करणं सोपं वाटतं.

अंगातून निघणाऱ्या वाफा

इस्ट्रोजेन फक्त गाठीचंच खाद्य नसतं. शरीराचं तापमान, झोप, हाडं, सांधे, नाजूक जागेचा ओलावा या सगळ्याला ते हवं असतं. ते अडवलं की हे सगळं थोडं-थोडं कुरकुरायला लागतं. पाळी जाताना बायकांना जे हळूहळू सोसावं लागतं, ते इथे एकदम अंगावर येतं.

सगळ्यात मोठी तक्रार वाफांची. छातीतून गरम लाट उठते, मान-चेहरा लाल होतो, घामानं ब्लाउज भिजतो आणि पाठोपाठ थंडी वाजते. आपल्याकडे लगेच म्हणतात, ‘गोळ्या गरम पडल्या.’ सब्जाचं सरबत, गुलकंद खुशाल घ्या. पण त्यांनी गोळीचा परिणाम जात नाही, आणि ‘गरम पडली’ म्हणून ती सोडायचंही कारण नाही.

त्यापेक्षा एक वही करा. वाफ कधी आली, त्याआधी काय खाल्लं-प्यालं, काय करत होतात, हे आठ-दहा दिवस लिहा. कुणाला कडक चहानं त्रास होतो, कुणाला झणझणीत रश्श्यानं, कुणाला दुपारी ओट्यापाशी उभं राहून. आपलं कारण सापडलं की अर्धी लढाई जिंकली. नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या, गाऊन बाजूला ठेवा आणि सुती वापरा. जाड रगाऐवजी दोन पातळ चादरी घ्या, म्हणजे एक पटकन बाजूला सारता येते. उशाशी पाण्याचा तांब्या आणि हातपंखा हवाच. लाईट गेली तर त्याचाच आधार! वाफ येतेय असं वाटलं की सावकाश, पोटातून, लांब श्वास घ्या. काही जणींना त्यानं बराच आराम पडतो.

एवढं करूनही रात्र-रात्र जागरण होत असेल तर डॉक्टरांकडे यावरची औषधं आहेत. मात्र मैत्रिणीला दिलेली हार्मोनची गोळी तुम्ही घ्यायची नाही. पाळी जाताना इतर बायकांना दिलं जाणारं इस्ट्रोजेन तुमच्यासाठी नाही. ‘बायकांसाठी उत्तम’ म्हणून मिळणारी चूर्णं, काढे, शतावरी कल्प यांचंही तसंच. काही वनस्पतींत इस्ट्रोजेनसारखं काम करणारे घटक असू शकतात, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. जेवणातल्या सोयाबीनच्या भाजीला हरकत नाही, पण सोयाच्या कॅप्सूल नकोत.

आखडलेली बोटं, ठिसूळ हाडं

लेट्रोझोलच्या गटातल्या गोळ्यांनी वाफा येतात, पण जास्त छळतात ते सांधे. सकाळी कुकरचं झाकण लागत नाही, कणीक मळवत नाही, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. अशा वेळी वाटतं, पडून राहावं. नेमकं इथेच उलट करायचं आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा सांधेदुखीच्या स्त्रियांना वर्षभर आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा वजनांचे व्यायाम असा क्रम दिला. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं बऱ्यापैकी कमी झालं होतं, न करणाऱ्यांचं होतं तसंच राहिलं होतं.

१५० मिनिटं म्हणजे रोजची तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. ‘घरात दिवसभर उभीच असते की मी!’ हे यात धरायचं नाही. मैदानावर, देवळापर्यंत, शाळेच्या पटांगणात, जिथे जमेल तिथे भरभर चाला. एकटीला लाज वाटत असेल तर शेजारणीला सोबत घ्या. वजनांसाठी पाण्यानं भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या चालतात, फक्त ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला किती ताण द्यायचा ते आधी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. सकाळी बोटं कोमट पाण्यात बुडवून मुठी मिटा-उघडा.

हाडांचं दुखणं मात्र मुकं असतं. या गोळ्यांनी हाडं आतून ठिसूळ होतात आणि पडल्यावरच कळतं. म्हणून सुरुवातीला आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. रोज साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं. दूध, दही, ताक, तीळ, राजगिरा हे सगळं आपल्या घरातलंच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. भाकरी करा, आंबील करा. ड जीवनसत्त्व रक्त तपासूनच घ्या. टॅमॉक्सिफेननं मात्र पाळी गेलेल्यांच्या हाडांना उलट थोडा आधारच मिळतो. तेव्हा आपली गोळी कोणती, हे नावानिशी माहीत हवं.

ज्याबद्दल बोलायचं नसतं

‘अंगावर जातं’ किंवा ‘कोरडेपणा आहे’, हे सांगायला पुरुष डॉक्टरांसमोर जीभ रेटत नाही. सोबत दीर नाहीतर मुलगा आलेला असतो. मग तपासून झालं की ‘काही त्रास?’ या प्रश्नाला मान हलते, ‘नाही.’

मैत्रिणींनो, सोबतच्यांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. कोरडेपणासाठी औषधांच्या दुकानात हार्मोन नसलेली, पाण्याचा अंश असलेली जेल मिळतात. इस्ट्रोजेनचं क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. आणि नवऱ्याशी बोला. ‘मन नाही असं नाही, दुखतं म्हणून नको वाटतं,’ एवढं एक वाक्य कळलं तरी घरातला अबोला संपतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट. टॅमॉक्सिफेन घेताना पाळी थांबली म्हणजे दिवस जाणार नाहीत असं नाही. ते पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं. म्हणून निरोध किंवा हार्मोन नसलेली तांबी वापरा. गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत. लग्न नुकतंच झालंय, मूल हवंय, अशा तरुण मुलींनीही गोळी आपल्या मनानं थांबवू नये. दीड-दोन वर्षं उपचार झाल्यावर बाळासाठी काही काळ गोळी थांबवता येते का, याचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सुरुवातीच्या काही वर्षांपुरते त्याचे निष्कर्ष धीर देणारे आहेत. पण कुणाला, कधी, किती दिवस, हे डॉक्टरांबरोबरच ठरवायचं.

उगाच रडू येणं, कशातच लक्ष न लागणं, आजार परत येईल ही भीती, हेही खरं दुखणं आहे. त्यावर उपचार घ्या. फक्त त्या डॉक्टरांना टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं आवर्जून सांगा. पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन यांसारखी उदासपणावरची काही औषधं टॅमॉक्सिफेनचं काम कमी करू शकतात. इतर पर्याय आहेत.

गोळी चुकू नये म्हणून

एक वेळ ठरवा. देवापाशी दिवा लावताना, नाहीतर रात्री दात घासल्यावर. घेतली की कॅलेंडरवर खूण करा. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल उपाशीपोटीही चालतात, त्यामुळे एकादशी असो, नवरात्र असो, खाडा नको. रोजे असतील तर इफ्तारनंतर घ्या. एक्झेमेस्टेन तेवढी जेवणानंतर. पाकिटात आठ-दहा गोळ्या उरल्या की पुढचं पाकीट आणा. पैशांची ओढाताण असेल तर जनऔषधी केंद्रात चौकशी करा, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला विचारा.

अगदीच सहन होत नसेल, तर ‘बंद करू का?’ असं न विचारता ‘बदलता येईल का?’ असं विचारा. एका गोळीनं सांधे धरले तर त्याच गटातली दुसरी काहींना सोसते. कधी डॉक्टर काही आठवडे सुट्टी देऊन बघतात, कधी टॅमॉक्सिफेनवर नेतात. पण त्यासाठी त्रास त्यांच्या कानावर तर जायला हवा! ती वही सोबत न्या, आणि पहिल्या पानावर सगळ्यात जास्त छळणारी तक्रार सगळ्यात वर लिहा.

हे झालं तर वाट पाहू नका

* एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, लाली किंवा गरमपणा : रक्ताची गुठळी असू शकते. टॅमॉक्सिफेननं हा धोका थोडा वाढतो. लांबच्या एसटी प्रवासात पाय हलवत राहा, मध्ये उतरून चाला.
* अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, अंगाची एक बाजू लुळी पडणं, बोलताना जीभ अडखळणं : ताबडतोब हॉस्पिटल गाठा.
* पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, अगदी डाग असला तरी : टॅमॉक्सिफेननं क्वचित गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होतो. वेळेत दाखवलं तर बहुधा लवकर सापडतो.
* नजर अंधूक होणं : डोळे तपासून घ्या.
* पाळी चुकणं आणि दिवस गेल्याची शंका : आधी तपासणी, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.
* कुठलंही ऑपरेशन ठरलं : गोळी चालू असल्याचं आधीच सांगा. ती थांबवायची की नाही हे तेच ठरवतील.

आणि घरातल्यांनो, ही पुरवणी तुमच्याही हाती पडली असेल तर एवढंच करा. ‘तुला काय झालंय?’ असं म्हणण्याऐवजी ‘आजची गोळी घेतलीस का?’ विचारा, आणि सकाळची कणीक तुम्ही मळा.