आटे सिंगरचे, सुटे भाग जगाचे

जुन्या यंत्रांचा विषय निघाला की ‘तेव्हाचं लोखंडच वेगळं होतं’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. चामडं शिवणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत तर ते जवळजवळ श्रद्धेनं म्हटलं जातं. स्कॉटलंडमध्ये कित्येक दशकांपूर्वी तयार झालेलं सिंगरचं ‘२९ के’ जातीचं पॅचर यंत्र आजही बूट, बॅगा आणि खोगिरं दुरुस्त करतं, आणि श्रेय बिडाच्या जाडीला जातं. हे श्रेय चुकीच्या खात्यात जमा होतं आहे. बिडाचा सांगाडा टिकतो हे खरं, पण सांगाडा टाके घालत नाही. टाके घालतात ते नखाएवढे, बोटाएवढे पोलादी भाग. ते झिजतात, आणि चालत्या जुन्या यंत्रात त्यातले बरेचसे मूळचे राहिलेले नसतात. हे पॅचर अजून कामाला आहे याचं मोठं कारण असं, की त्याच्या सुट्या भागांवरचा ताबा ते बनवणाऱ्या कंपनीच्या हातून केव्हाच सुटला.

चामड्यासाठी वेगळं यंत्र का लागतं, ते आधी पाहू. कापडात सुई धाग्यांच्या मधून वाट काढते आणि ती निघाली की धागे पुन्हा जवळ येतात. चामड्यात पडलेलं भोक कायमचं असतं. म्हणून चामड्याच्या सुईचं टोक टोचण्यापेक्षा कापतं, आणि त्या टोकाचा आकार कसा आहे यावर टाके सरळ रेषेत दिसणार की तिरपे, हे ठरतं. टाका चुकला म्हणून उसवून त्याच जागी पुन्हा घालायची सोय नाही. दोरा जाड, सुई जाड, माल जाड. वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ बरोबर जाडीच्या मध्यावर ओढली जायला हवी, नाहीतर ती खालून मण्यांसारखी दिसते. कापडाच्या यंत्राखाली असतात तसले दाते मऊ चामड्यावर ओरखडे काढतात. यातली प्रत्येक अडचण यंत्राच्या कुठल्या ना कुठल्या भागावर भार टाकते, आणि भार पडतो तिथे झीज होते.

पॅचरनं यातल्या काही अडचणी मोठ्या हुशारीनं सोडवल्या. त्याला खाली दाते नाहीतच. वरचा फूट उचलला जातो, पुढे टेकतो आणि माल स्वतःच ओढून नेतो. शिवाय तो पूर्ण गोल फिरतो, त्यामुळे बूट न फिरवता टाक्याची दिशा बदलता येते. खालचा हात इतका बारीक, की बुटाच्या चवड्यापर्यंत पोहोचतो. या बारीकपणाची किंमत त्या हाताच्या आत मोजावी लागते. खालचा दोरा धरणाऱ्या शटलच्या खाली एक चिमुकलं दातेरी चाक असतं आणि हाताच्या पोकळीतून पुढेमागे सरकणारी लांब दातेरी पट्टी त्याला फिरवते. सुई खालच्या टोकाला जाऊन जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर वर आली की दोऱ्याचा फासा फुलतो आणि शटलचं टोक नेमकं तेव्हाच त्या फाशातून जायला हवं. दाते झिजले, त्यांच्यात सैलपणा आला, की शटल किंचित मागे पडतं आणि टाका सुटतो. वरच्या बाजूला फूट ढकलणाऱ्या तरफा आणि कॅम घासले की टाका आखूड होत जातो. लांबीचा स्क्रू पार शेवटपर्यंत फिरवला तरी वाढत नाही. म्हणजे ज्या यंत्राला आपण अमर समजतो, त्याच्या मरणाच्या जागा अगदी ठरलेल्या आहेत. बिडाच्या जाडीचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही.

‘२९ के’मधला ‘के’ म्हणजे किलबोवी. ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकमधला सिंगरचा हा अवाढव्य कारखाना १८८५ पासून चालला आणि १९८० मध्ये बंद पडला. (तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव मात्र अजून ‘सिंगर’च आहे.) अमेरिकेत ब्रिजपोर्टला बनलेल्या यंत्रांच्या नावात ‘डब्ल्यू’ येतो. अनुक्रमांकापुढची अक्षरं पाहून कारखाना आणि वर्ष काढता येतं, आणि बहुतेक सुट्या भागांना स्वतःचा क्रमांक असतो. कित्येकदा तो भागावरच कोरलेला असतो. हा क्रमांक फार कामाचा. यादी हातात असली की ‘तो वाकडा दांडा, ज्याला मधे भोक आहे’ असं वर्णन करत बसावं लागत नाही. पण म्हणून सिंगर उदार होती असं समजू नये. तिच्या स्क्रूंचे आटे पाहा. ११/६४ इंच व्यास आणि इंचाला ४० आटे, किंवा ९/६४ इंच आणि पुन्हा ४०: हार्डवेअरच्या दुकानातल्या टॅपच्या संचात या जोड्या सापडत नाहीत. हरवलेल्या स्क्रूच्या जागी बाजारातला स्क्रू जबरदस्तीनं पिळला तर भोकातले आटे मरतात आणि बीड कायमचं खराब होतं. परक्यांना दार बंदच होतं म्हणा ना.

ते दार उघडलं नक्कल करणाऱ्यांनी. पेटंटची मुदत संपत गेली तसे इतर देशांतले उत्पादक सिंगरच्या रचना उचलू लागले आणि रचनेबरोबर आटेही उचलले. जपानच्या जुकी कंपनीच्या सुट्या भागांच्या याद्यांत आजही ११/६४-४० आणि ९/६४-४० हे आकडे जागोजागी दिसतात. एका कंपनीचा खासगी आटा साऱ्या शिलाई यंत्र उद्योगाचा सामाईक आटा झाला. सिंगर १११ डब्ल्यू १५५ या यंत्राचंही तसंच. सुई, आतला फूट आणि खालचे दाते एकदम पुढे सरकून जाड माल ओढतात अशी त्याची रचना. पुढे जपानमध्ये बनलेल्या कॉन्स्यू २२५ या यंत्रानं तीच उचलली; दोन्हींचे कित्येक भाग आपसात चालतात आणि नवे बनून विकलेही जातात. पॅचरचंही हेच झालं: सिंगरच्या २९ के आणि जर्मनीतल्या ॲडलर ३० च्या धर्तीवर चीनमध्ये यंत्रं बनतात, म्हणून शटल, दातेरी चाक आणि बॉबीन केस मिळत राहतात. अगदी जड कामाला जुकीचं ४४१ आणि त्याच्या नकला आहेत. ज्या रचनेची सर्वांत जास्त चोरी झाली, तिची दुरुस्ती आज सर्वांत सोपी आहे.

याची उलट बाजू बूट उद्योगाच्या इतिहासात सापडते. अमेरिकेत १८९९ मध्ये काही कंपन्या एकत्र येऊन युनायटेड शू मशिनरी कॉर्पोरेशन स्थापन झाली. बूट कारखान्यांना लागणारी महत्त्वाची यंत्रं ती विकत नसे, दहा-दहा वर्षांच्या करारानं भाड्यानं देई. दुरुस्ती भाड्यातच धरलेली, तिचे वेगळे पैसे नाहीत. कारखानदाराला हा सौदा सोयीचा वाटणारच. पण १९५३ मध्ये न्यायाधीश वायझान्स्की यांनी कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध निकाल दिला, तेव्हा याच सोयीवर बोट ठेवलं. दुरुस्ती ‘फुकट’ असल्यामुळे ही यंत्रं दुरुस्त करणारा स्वतंत्र धंदा उभाच राहू शकला नव्हता. भाड्याबरोबर यंत्रं विकायलाही काढावीत, कराराची मुदत कमी करावी आणि दुरुस्तीचा आकार वेगळा लावावा, असा आदेश निघाला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. या यंत्रांची देखभाल वाईट होती असं कोणी म्हटलं नव्हतं. ती एकाच हातात होती एवढंच, आणि तो हात गेला की काय होतं ते मालकाला आधी कळत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनच्या बूट कारखान्यांत जुनी गुडइयर वेल्ट यंत्रं आजही चालतात, आणि ती बनवणारी लेस्टरची ब्रिटिश युनायटेड शू मशिनरी तर २००० सालीच कोसळली. मग मूळ कंपनीवाचूनही यंत्र टिकतं, त्यासाठी नकलांची गरज काय? टिकतं, पण कोणासाठी? ज्याच्याकडे स्वतःचा फिटर आणि लेथ आहे, भाग काढून घ्यायला दोन-चार जास्तीची यंत्रं ठेवायला जागा आहे आणि एका जोडाची किंमत हा खर्च सोसते, त्याच्यासाठी. एक पॅचर घेऊन बसलेल्या माणसाला लेथवर एकच दातेरी चाक कापून घेणं परवडत नाही. तेच चाक हजारोंनी बनत असेल तरच त्याच्या आवाक्यात येतं, आणि हजारोंनी बनण्यासाठी तेवढी सारखी यंत्रं कामावर असावी लागतात. मोठा कारखाना भाग बनवून घेतो, लहान माणूस भाग शोधतो. ‘दुरुस्त होण्याजोगं’ हा शब्द वापरताना हा फरक नेहमी विसरला जातो.

दुसरा आक्षेप नकलेच्या दर्जाचा, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. नकली शटलच्या कडेला कूस राहिलेली असते आणि तीत दोरा अडकून तुटतो. भोक किंचित सरकलेलं असतं. पोलाद मऊ असलं तर नवा भाग जुन्याच्या आधी झिजतो. हातानं फिरवायचं स्वस्त चिनी पॅचर तर ओतकामाच्या रेतीसकट आल्यासारखं वाटतं. ते पूर्ण खोलून, कडा घासून, तेल देऊन पुन्हा जोडल्याशिवाय धड शिवत नाही. म्हणजे नकली भाग हा पुष्कळदा अर्धवट भाग असतो आणि उरलेलं काम मिस्त्रीची कानस आणि पॉलिश पेपर करतात. हे कौशल्य मिस्त्रीकडे आलं कुठून, तर सतत तसलेच भाग बसवून. नव्वद टक्के बरोबर असलेला भाग आणि उरलेलं काढून देणारा हात एकाच गावात असला की मूळ कंपनीच्या अस्सल भागावाचून अडत नाही. तसा भाग मिळत असता तर तोच घ्यावा, यात वाद नाही.

नव्या संगणकीय यंत्रांच्या बाजूनं बोलायचं तर ती वेगात, अचूकपणात आणि एकसारख्या हजार पाकिटांच्या कामात जुन्यांना कितीतरी मागे टाकतात. मोठ्या उत्पादकानं पॅचरच्या मोहात पडू नये. मात्र त्यांचा सर्किट बोर्ड आणि त्यातला प्रोग्रॅम हे पुन्हा भाड्याच्या यंत्रासारखेच एका हातात आहेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल उघडलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं धरली आहेत. धंद्याची शिलाई यंत्रं या चौकटीत बसत नाहीत. धारावीतल्या पट्टे, पाकिटं, बॅगा शिवणाऱ्या गाळ्यांच्या दृष्टीनं ही उणीव मोबाइलच्या पडद्यापेक्षा मोठी आहे, कारण तिथे यंत्र थांबलं की त्या दिवसाची मजुरी थांबते. (कोल्हापुरी चपलेला ही चिंता नाही, परंपरेनं ती चामड्याच्याच वादीनं हातानं शिवली जाते.)

जीर्णोद्धाराचा हौशी प्रकारही हल्ली वाढला आहे, आणि त्यात यंत्राला शिवायला लावण्यापेक्षा चमकवण्यावर भर असतो. ऑलसेंट्स या ब्रिटिश कपड्यांच्या साखळीनं आपल्या दुकानांच्या काचा जुन्या शिलाई यंत्रांच्या रांगांनी भरल्या. तिथे गेलेल्या यंत्राचे सुटे भाग कोणाच्याही कामाचे उरत नाहीत. हौसेनं दुरुस्तीच करायची असेल तर क्रम उलटा हवा. आधी रॉकेल किंवा गंज सोडवणारं तेल घालून यंत्र मुरू द्यावं. अडलेल्या जागी हातोडा घालू नये, कारण बीड वाकत नाही, तडकतं. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस लावावा, खाच एकदा फुटली की पुढचा मार्ग ड्रिलचा असतो. सोनेरी नक्षीवर स्पिरिट फिरवू नये. वरचं लाखेचं वॉर्निश त्यात विरघळतं आणि नक्षी फडक्यावर येते. पॅचरचा वरचा दोरा डोक्यातल्या पोकळीतून खाली उतरतो आणि तो ओढायला एक लांब तार लागते. जुन्या यंत्रासोबत ती तार क्वचितच येते, आणि तिच्याअभावी चांगली यंत्रं ‘बिघडलेली’ म्हणून भंगाराच्या भावात जातात.

विकत घेताना चाक हलकं फिरतं का, एवढंच पाहून लोक फसतात; झिजलेलं यंत्र नव्यापेक्षाही हलकं फिरतं. चाक धरून ठेवावं आणि शटल बोटानं पुढेमागे हलवून पाहावं, किती सैल आहे ते लगेच कळतं. टाक्याची लांबी शेवटपर्यंत वाढवून चामड्याच्या तुकड्यावर चालवावं आणि दहा टाके पट्टीनं मोजावेत. दातेरी चाक सैल असलं तर नवं मिळण्यासारखं आहे, दातेरी पट्टीही मिळते. डोक्यातला कॅम झिजला असेल तर भाव पाडून मागावा. मग सुईची जात विचारावी. सिंगरच्या पॅचरला २९×३ किंवा २९×४, ॲडलर ३० ला ३३२, ४४१ च्या घराण्याला ७९४. या सुया आजही बनतात. कार्ल्सरूहच्या युंकर आणि रूहचं एसडी २८ हे देखणं जर्मन यंत्र आधी आरीनं भोक पाडतं आणि मग आकड्याच्या सुईनं शिवतं. शिवण अशी, की हातकामाशी बरोबरी करावी. त्याची सुई आणि आरी मात्र मुश्किलीनं मिळतात. ते यंत्र सुयांच्या पुड्यासकट मिळालं तरच घ्यावं, आणि पुड्यात सुया किती उरल्या आहेत हे यंत्राच्या आधी मोजावं.