सिबिल चांगलं, तरी कर्ज नामंजूर? बाकीच्या तीन रिपोर्टमध्ये काय लिहिलंय तेही बघा

"सिबिल तर चांगलं आहे, मग कर्ज का नाकारलं?" ट्रॅक्टरसाठी, म्हशींसाठी किंवा घरासाठी बँकेत फाईल टाकलेल्या अनेकांना हा प्रश्न पडतो. यामागे एक कारण असू शकतं आणि ते फारसं कुणाला माहीत नसतं. 'सिबिल' हे एका कंपनीचं नाव आहे. आपल्या कर्जाचा हिशेब ठेवणाऱ्या अशा कंपन्या देशात चार आहेत.

या चार कंपन्या कोणत्या?

ट्रान्सयुनियन सिबिल, क्रिफ हाय मार्क, इक्विफॅक्स आणि एक्सपिरियन. चौघींनाही रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे. यात सिबिल सर्वात जुनी, २००० साली स्थापन झालेली. त्यामुळे तेच नाव लोकांच्या तोंडी बसलं.

बँका आणि फायनान्स कंपन्यांनी चारही ठिकाणी सभासद व्हायचं आणि कर्जाची माहिती चौघींना द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१५ पासूनचा नियम आहे. पण कर्ज देताना रिपोर्ट कोणाचा बघायचा, हे कर्ज देणारा ठरवतो.

कोण कोणाचा रिपोर्ट बघतं?

बँका बहुतेक वेळा सिबिल बघतात. गटाला कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या मात्र जास्त करून हाय मार्क आणि इक्विफॅक्स बघतात, कारण या दोघींकडे गटकर्जाची वेगळी नोंद असते. एक्सपिरियनचा रिपोर्ट काही बँका, फायनान्स कंपन्या आणि मोबाईल ॲपवाले बघतात. काही जण तर दोन-दोन रिपोर्ट काढतात.

समजा, एखाद्या ताईंनी गटातून ४० हजार घेतले आणि पूर्ण फेडले, पण कंपनीने खातं बंद झाल्याची नोंद एका ठिकाणी केलीच नाही. मग सिबिलमध्ये सगळं ठीक आणि हाय मार्कमध्ये थकबाकी, असं होऊ शकतं. ताईंना याचा पत्ताच नसतो.

गटाचं कर्ज, नोंद तुमच्या नावावर

"गटाचं आहे, माझं एकटीचं नाही" असं समजू नका. मायक्रोफायनान्सच्या गटकर्जाची नोंद प्रत्येकीच्या नावावर वेगळी होते. २०२२ च्या नियमानुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असं विनातारण कर्ज मिळतं. मात्र घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. म्हणजे नवऱ्याच्या गाडीचा हप्ताही बायकोच्या कर्जात मोजला जातो. फेडलेलं कर्ज चालू दिसत असेल, तर तेही मोजलं जाऊ शकतं.

कुणाला जामीन राहिला असाल, तर तेही कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतं. थोडे पैसे भरून 'सेटलमेंट' केली असेल, तर खातं पूर्ण फेडलेलं न दिसता 'सेटल्ड' असं दिसतं.

आता काय करायचं?

१. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवरूनच काढा. बँकेला दिलेला मोबाईल नंबर आणि पॅन जवळ ठेवा.

२. कर्ज नाकारलं तर शाखेत विचारा, "साहेब, कोणत्या कंपनीचा रिपोर्ट बघितला?" तोच आधी काढा.

३. रिपोर्टमध्ये न घेतलेलं कर्ज, फेडूनही चालू दिसणारं खातं, चुकीचं नाव किंवा जन्मतारीख आहे का, ते बघा.

४. चूक दिसली तर त्या कंपनीकडे ऑनलाईन तक्रार करा आणि कर्ज देणाऱ्यालाही लेखी द्या. तक्रार क्रमांक जपून ठेवा. फेडलेल्या कर्जाचा 'नो ड्यूज' दाखला कधीच टाकून देऊ नका.

५. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

एजंटपासून सावध

"पाच हजार द्या, सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खरी थकबाकी पैसे देऊन पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही. ओटीपी आणि आधार-पॅनचे फोटो तर अशा कुणाला देऊच नका.

कर्जाची गरज पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा हंगामाच्या दोन-तीन महिने आधीच चारही रिपोर्ट बघून घ्या. चूक निघाली तरी ती दुरुस्त करायला वेळ हातात राहतो.