धूर पाण्यात बुडतो, पण किती?

वाचकहो, या सदराकडे येणारी पत्रे बहुधा गुडघेदुखी, मधुमेह आणि पित्त यांविषयी असतात. या खेपेचे पत्र जरा वेगळे आहे. घरामागच्या शेडमध्ये गेट-ग्रिलचे काम करणाऱ्या एका वाचकाने प्लाझ्मा कटिंगचे मशीन घेतले आहे. ते लिहितात की, पत्रा कापताना इतका धूर होतो की स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर काळी पूड बसते. त्यांना स्वतःला महिनाभर खोकला आहे. कोणीतरी त्यांना पाण्याचे टेबल बनवायला सांगितले. टाकीत पाणी भरून त्यावर पत्रा कापला, तर धुराचा त्रास कायमचा जाईल का, असा त्यांचा प्रश्न आहे. असे छोटे कारखाने आता गल्लोगल्ली दिसतात, म्हणून उत्तर सर्वांसाठीच देतो.

आधी हा धूर म्हणजे काय ते पाहू. चुलीचा धूर आणि हा धूर यांत फार फरक आहे. प्लाझ्माच्या झोताचे तापमान वीस हजार अंशांच्या आसपास जाऊ शकते. लोखंड १५३८ अंशांना वितळते आणि २८६० अंशांच्या सुमारास उकळते. म्हणजे कापताना थोडे लोखंड चक्क वाफ होऊन वर येते, हवेत थंड होते आणि त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात. नाकातले केस, घशातला कफ यांना हे कण दाद देत नाहीत. ते थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांच्या दृष्टीने उघडा दरवाजाच आहे.

त्यात पत्रा जीआयचा असेल तर गोष्ट आणखी बिघडते. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा. जस्त ९०७ अंशांनाच उकळते, त्यामुळे लोखंड वितळायच्या आत त्याचा पांढरा धूर उठतो. माझ्याकडे पावसाळ्यात एक तरुण कारागीर यायचा. संध्याकाळी थंडी वाजून ताप, अंग मोडून येणे, तोंडाला धातूची गोडसर चव. मलेरिया समजून दोनदा रक्त तपासले, काही सापडले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गडी ठणठणीत. बारकाईने विचारल्यावर कळले की, ताप येतो त्या दिवशी तो जीआय पाइप कापतो, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास सर्वात जास्त. याला मेटल फ्यूम फीवर म्हणतात. धूर घेतल्यापासून चार ते दहा तासांनी चढतो, एक-दोन दिवसांत उतरतो. रोज धूर घेतला की शरीर तात्पुरते सरावते आणि सुट्टी झाली की सराव मोडतो, म्हणून पाश्चात्त्य देशांतले कामगार त्याला 'सोमवारचा ताप' म्हणत आले. गूळ खाल्ला, दूध प्याले की हा धूर निघून जातो, हा समज आपल्याकडे पक्का आहे. गूळ चवीला खावा. तो पोटात जातो, फुफ्फुसात नाही.

स्टेनलेस स्टीलच्या धुराची भीती वेगळी. त्यात क्रोमियमचे एक घातक रूप तयार होते, ज्याने कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुरालाही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले.

आता टेबलाकडे वळू. असे टेबल मी एका रुग्णाच्या वर्कशॉपमध्ये उभे राहून पाहिले आहे. कल्पना सोपी आहे. जाड काळ्या पत्र्याची उथळ टाकी, त्यात उभ्या लावलेल्या लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांवर कापायचा पत्रा आणि त्याच्या लगेच खाली पाणी. झोत पत्रा भेदून खाली येतो तेव्हा वितळलेले लोखंड, ठिणग्या आणि बराचसा धूर सरळ पाण्यात जातो. पाणी पत्र्याच्या जितके जवळ, तितका फायदा जास्त. पाणी चार-सहा बोटे खाली गेले की मधल्या फटीतून धूर बाजूने बाहेर पडतो. म्हणून टाकीला पाणी कमीजास्त करायला तळाशी रुंद तोंडाचा कॉक हवाच.

टाकी आणि पट्ट्या जीआयच्या करू नका. गंज लागत नाही म्हणून बरेच जण तसे करतात, पण झोत पट्ट्यांनाही कापत असतो आणि मग साधा काळा पत्रा कापतानाही जस्ताचा धूर येत राहतो. पट्ट्या झिजणारच, त्या सहज बदलता येतील अशा खाचेत ठेवाव्यात. दुसरे, भंगारातून थिनरचा किंवा तेलाचा पिंप आणून तो उभा कापून टाकी करण्याचा मोह टाळा. रिकाम्या पिंपात वाफ उरलेली असते आणि पहिल्या ठिणगीला तो बॉम्बसारखा फुटतो.

वजनाचा हिशेबही करून ठेवा. चार फूट बाय चार फूट टाकीत सहा इंच पाणी म्हणजे सुमारे २२५ लिटर, तितकेच किलो. वर सहा मिलिमीटरचा तेवढाच पत्रा ठेवला की आणखी सत्तर किलो. पाय अँगलचे आणि नीट आडवे बांधलेले हवेत. टेबलाची उंची कमरेएवढी ठेवा. गुडघ्याएवढ्या टेबलावर दिवसभर वाकणारे कारागीर चाळिशीतच कंबर धरून माझ्याकडे येतात.

ॲल्युमिनियमसाठी हे टेबल वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वितळलेल्या ॲल्युमिनियमचे बारीक कण पाण्याशी क्रिया करून हायड्रोजन वायू सोडतात. गाळात पडलेले कण रात्रभर हे काम चालू ठेवतात. वर पत्रा तसाच पडून राहिला तर वायू त्याखाली साचतो आणि सकाळच्या पहिल्या ठिणगीला स्फोट होतो. मोठ्या कारखान्यांत तळातून हवेचे बुडबुडे सोडून तो वायू उडवून लावतात. घरच्या शेडमध्ये ती व्यवस्था कोण करणार? ॲल्युमिनियम-लिथियमचे मिश्रधातू तर पाण्याजवळ कापायचेच नसतात.

वीज आणि पाणी यांचे वैर सर्वांना ठाऊक आहे. पण प्लाझ्मा मशीनचा दाब साध्या वेल्डिंग मशीनपेक्षा पुष्कळ जास्त, अनेकदा २०० व्होल्टच्या वर असतो, हे कारागिरांना ठाऊक नसते. टेबलाला स्वतंत्र अर्थिंग द्या. मुख्य पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. मात्र तो टॉर्चकडून बसणारा झटका थांबवेलच असे नाही, म्हणून पायाखाली कोरडी रबरी चटई, पायात रबरी तळाचे बूट आणि हातात कोरडे मोजे हवेत. मोजे भिजले की बदलायचे. टॉर्चचे तोंड बदलताना मशीन बंद, यात सवलत नाही.

गंज लागू नये म्हणून पाण्यात टाकायची जी पावडर मिळते, तिच्यात बऱ्याचदा सोडियम नायट्राइट असते. दिसायला मिठासारखे, पण पोटात गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच जाते. माणूस निळा पडतो, जीव जातो. शेड आणि स्वयंपाकघर यांत एकच भिंत असेल तर ही पावडर जुन्या मिठाच्या बरणीत ठेवू नका. मूळ डबा, वर ठळक नाव आणि कुलूप.

साचलेले पाणी म्हटले की डासही आलेच. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. काम नसेल तेव्हा टाकीवर घट्ट झाकण हवे. रांगणारे मूल घरात असेल तर झाकणाचे कारण आणखी मोठे आहे, सहा इंच पाणी त्याला बुडायला पुरेसे असते. तळाचा गाळ ओलाच असताना हातमोजे घालून काढा. वाळवून झाडला तर टेबलाने पकडलेली पूड पुन्हा तुमच्याच छातीत जाईल. ते पाणी विहिरीजवळ, परसात किंवा गटारात ओतू नये. स्टेनलेस कापले असेल तर मुळीच नाही. गाळ आणि पाणी बंद डब्यात साठवून औद्योगिक कचरा नेणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडे द्यावे.

पत्रलेखकांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की, धूर पुष्कळ कमी होईल, संपणार नाही. पत्र्याच्या वरच्या बाजूने उडणारा धूर पाणी पकडत नाही. झोतामुळे हवेतून तयार होणारे नायट्रोजनचे वायूही बहुतांशी तसेच सुटतात. ते बंद खोलीत साठले तर त्या वेळी फक्त घसा खवखवतो आणि कित्येक तासांनी फुफ्फुसात पाणी भरते. म्हणून टेबलामागे भिंतीत धूर बाहेर ओढणारा पंखा हवा, तोही शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड न करता. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क कणांसाठी वापरा. वायूंना तो अडवत नाही. डोळ्यांना गडद काच, कानांना बोळे आणि घराच्या बाजूला जाड पडदा. दारातून बघत उभ्या राहणाऱ्या मुलांचे डोळे रात्री लाल होऊन चुरचुरतात, मग त्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या जातात. त्यापेक्षा पडदा स्वस्त.

राहिला महिनाभराचा खोकला. तो धुराचाच असेल असे धरून बसू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती या आठवड्यातच करून घ्या. डॉक्टरांकडे जाताना कोणता पत्रा कापता, रोज किती तास आणि शेडला खिडक्या किती, हे सांगा. नुसते 'गेटचे काम करतो' म्हटल्याने डॉक्टरला जस्त कळत नाही.