झणझणीत मुळाचा काळा ठसा

माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यासोबत गाळणीतून निसटलेली लहान प्रथिनं लघवीत वाहून जाण्याआधी मूत्रपिंडातल्या नलिकेच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी टिपून घेतात. पण हे पाहायचं कसं? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सगळंच करडं; कुठलं प्रथिन कुठं गेलं, काय कळणार!

तोडगा निघाला तो हॉर्सरॅडिशमधून. मोहरीच्या कुळातलं, नाकात झणका आणणारं हे मूळ. त्यातलं पेरॉक्सिडेज हे विकर मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटण्याइतकं लहान असतं. मूत्रपिंडात त्याचा माग काढण्याची कल्पना संशोधक वर्नर श्ट्राउस यांची. १९६६ साली ग्रॅहम आणि कार्नोव्स्की या संशोधकांनी ते उंदरांना टोचलं आणि मूत्रपिंडाचे काप डायअमिनोबेन्झिडीन व हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवले. जिथं विकर, तिथं तपकिरी साका. त्यावर ऑस्मियम हा जड धातू चढला, की चित्रात ती जागा काळीकुट्ट.

टोचल्यानंतर आधी नलिकेतल्या पेशीच्या केसाळ कडेच्या बुडाशी असलेल्या खाचांत काळा ठसा, मग सुट्या पिशव्यांत, नंतर मोठ्या पोकळ्यांत. अर्थात प्रत्येक चित्र मेलेल्या पेशीचं. हालचाल आपणच जुळवायची.

या पेशींवर प्रथिनं पकडणारे मेगॅलिन आणि क्युबिलिन हे रेणू पुढे सापडले. जेंटामायसिन हे प्रतिजैविकही मेगॅलिनला चिकटून आत शिरतं आणि पेशीत साठून मूत्रपिंडाला बाधतं.