फी न आणणारी खोली

गणपतीच्या मूर्ती बनवणाऱ्या आमच्या जोहे गावात हिशोब सगळ्यांना कळतो. रबराचा साचा महाग असतो, म्हणून त्यातून जितके नग निघतील तितका एका मूर्तीमागचा साच्याचा खर्च उतरत जातो. साचा झिजला की गणपतीचे नाक-डोळे बोथट निघतात, मग नवा साचा. कारखान्यात वाढलेल्या पोराला हे गणित शिकवावं लागत नाही. त्यामुळे महाविद्यालयांच्या जमाखर्चावरच्या एका चर्चेत एक हिशोबनीस ‘प्रति विद्यार्थी खर्च’ हा आकडा धरून एकेक विभाग तपासू लागले, तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. पण ‘जो विभाग फी आणत नाही, तो बोजा’ हे त्यांचं वाक्य मनात अडकून राहिलं.

ते वाक्य घेऊन मी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात गेलो. आमच्या खारबंदिस्तीपलीकडे तिवराचं रान आहे, आणि मुंबई इलाख्यातल्या खारफुटीवर १९०५ साली लेख लिहिणारे फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे इथलेच, स्विस जेझुइट. १९०६ साली सुरू झालेला आणि पुढे त्यांचं नाव मिळालेला वनस्पतिसंग्रह, ब्लॅटर हर्बेरियम, आजही इथे आहे. फीच्या रकान्यात मांडण्यासारखं त्यात काही नाही.

आत शिरताच डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या कागदाचा वास येतो. रस्त्यावर परत आल्यावरही तो माझ्या शर्टाला होता. कपाटांच्या रांगेशेजारी मेजावर एक ताई वाळलेली फांदी जाड कागदावर दोऱ्याने टाचत होत्या. फांदी आधी वर्तमानपत्रात दाबून, कागद बदलत बदलत वाळवलेली असते, मग तिला कीड लागू नये म्हणून औषध लावलेलं असतं. पुढचं काम सुईचं. देठाखालून दोरा वर काढायचा, गाठ कागदाच्या मागे मारायची, पान तुटू द्यायचं नाही आणि फूल झाकलं जाऊ द्यायचं नाही. मग चिठ्ठी : नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक.

“असे किती आहेत?”

“दोन लाख,” सुईवरची नजर न काढता ताई म्हणाल्या. “थोडेफार इकडेतिकडे.”

मी तिवर पाहायला मागितला. पानं वाळून काळी झाली होती, तरी आमच्या खाडीकाठचा तिवर मी लगेच ओळखला. असे दोन लाख.

आता पैशाचं. झेवियर्स १८६९चं. अनुदानित पदांचे पगार सरकार देतं, पण निवृत्तीने रिकामी झालेली जागा भरायला सरकारी परवानगी लागते. ती रखडली की राज्यभरची महाविद्यालयं तासिका तत्त्वावरच्या माणसांवर वर्ग चालवतात. विनाअनुदानित अभ्यासक्रमांचा भार फीवर. २०१०मध्ये हे महाविद्यालय स्वायत्त झालं, मुंबई विद्यापीठातलं पहिलं. अभ्यासक्रम आपला झाला, तसा परीक्षेचा सगळा खटाटोपही अंगावर आला. प्रवेश ऑनलाइन करा, निकालाचं काम संगणकावर न्या, वर्गखोल्या दोन पाळ्यांत वापरा, विजेचं बिल उतरवा. या काटकसरीशी माझं भांडण नाही.

हे महाविद्यालय चालवणाऱ्या जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या हिशोबात मात्र एक मोठी रक्कम कधीच लिहिली गेली नाही. गरिबीचं व्रत घेतलेल्या फादराचा पगार त्याच्या खिशात राहत नाही, तो संघाकडे जातो. २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित शाळांतल्या पाद्री-नन शिक्षकांच्या पगारातून कर कापला जाईल असं सांगितलं, त्या खटल्यात कर नको म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद हाच होता. मुळात तर या संघाच्या शाळांत फी घेणंच नियमाविरुद्ध होतं. दात्यांच्या देणगीवर त्या चालत. अमेरिकेतल्या महाविद्यालयांना फी घेण्याची सूट मिळाली ती १८३३ साली, संघाचे तेव्हाचे प्रमुख (जनरल) रूटान यांच्याकडून. म्हणजे फी ही या घराण्यात उशिरा आलेली गोष्ट. आता व्रतस्थ माणसं घटली, तशी ही न लिहिलेली रक्कमही आटत चालली आहे. पैशाच्या ओढाताणीचं एक कारण तिथेच आहे, आणि ‘प्रति विद्यार्थी खर्च’ या आकड्यात ते दिसत नाही.

पहिल्या महायुद्धात इथल्या जर्मन फादरांना नजरकैदेत टाकून मायदेशी पाठवलं, तेव्हा या महाविद्यालयाचा कणाच गेला होता. पुढे स्पॅनिश जेझुइट आले. त्यांच्यातल्या फादर हेरासांनी १९२६मध्ये इतिहासाची संशोधनसंस्था उभी केली, आणि फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९५३ साली दिला. तेच सांतापाव नंतर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. मार्सेलिन आल्मेडांचे महाराष्ट्राच्या वनस्पतींवरचे खंड १९९६पासून निघाले तेही याच संग्रहातून. एकदा टाचलेला कागद शंभर वर्षं लोक काढून पाहतात, त्यावरून दुसरं रोप ओळखतात. साच्यातून नग निघावेत तसंच हे, फक्त हा साचा वापराने झिजत नाही. तो झिजतो दुर्लक्षाने : कीड, दमट हवा, सुटलेला दोरा.

म्हणून त्या हिशोबनिसांना मी सांगेन की या खोलीचा भाजक विद्यार्थी धरू नका. वर्षभरात किती कागद किती जणांनी पाहिले ते मोजा. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी २००३पासून इथेच चालणारं केंद्रही असंच मोजायला हवं. त्याचाही ‘प्रति विद्यार्थी खर्च’ काढला तर तो डोळ्यांत खुपेल, पण म्हणून ते बंद करण्याचा विचार कुणी करू नये. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून एक कायम ठेव वेगळी काढावी, तिचं व्याज फक्त अशा खोल्यांना जावं, आणि त्या व्याजातून पहिला पगार टाचण्याचं काम करणाऱ्या माणसाचा निघावा. कपाटं आणि संगणक त्यानंतर. चिठ्ठीचं छायाचित्र काढून ठेवता येतं, पण सुटलेलं पान परत जागेवर बसवायला हात लागतो, आणि तो हात तयार व्हायला वर्षं जातात.

ताईंच्या मेजाखाली वर्तमानपत्रांत दाबलेले गठ्ठे होते. ते दोन लाखांत धरले का, असं विचारलं.

“नाही हो. टाचून, नाव घालून कपाटात गेला की मोजायचा.”