जिल्हा परिषदेच्या शाळेची वाट

व्यापारी घरातील मुलीने ‘मला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका व्हायचे आहे’ असे म्हटले, की घरातील पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘तिथे आपल्या ओळखीचे कोण आहे?’ मंचर असो, नारायणगाव असो वा ओतूर, बाजारपेठेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रश्न स्वाभाविकच वाटतो. पेढीवर माल उधार मिळतो तो ओळखीवर, आणि सोयरीकही जुळते ती ओळखीवरच. परंतु शिक्षक भरतीत हा प्रश्न आता निरर्थक झाला आहे. काही वेळा तो धोकादायकही ठरतो.

महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ‘पवित्र’ ही संगणकीय प्रणाली सुरू केली. तेव्हापासून जिल्हा परिषदेची शिक्षकपदे राज्यव्यापी चाचणीतील गुणांवर भरली जातात. तालुक्याच्या पुढाऱ्याकडे किंवा पुण्याच्या जिल्हा परिषदेत खेटे घालून ती मिळत नाहीत. अनुदानित खासगी संस्थांची पदेही याच प्रणालीतून जाहीर होतात. मुलाखतीसह भरती करणाऱ्या संस्थेला निवडीत वाव असतो, पण उमेदवार तिच्याकडे येतात ते प्रणालीने पाठविलेल्या यादीतूनच.

येथे दोन परीक्षांची नावे एकमेकांत मिसळतात आणि सुशिक्षित घरांतही गोंधळ उडतो. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ती १५० गुणांची असून खुल्या प्रवर्गाला त्यांपैकी ९० गुण मिळवावे लागतात. एकदा उत्तीर्ण झाल्यावर हे प्रमाणपत्र आता आजन्म चालते. केंद्राची सीटीईटी उत्तीर्ण असली तरी चालते. मात्र ही केवळ उंबरठ्याची परीक्षा आहे. नोकरी ठरविणारी चाचणी निराळी, तिला ‘टेट’ म्हणतात. ती २०० गुणांची असते. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल नसतो, फक्त क्रम लागतो. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. आठ वर्षांत संधी आल्या अवघ्या तीन. पहिल्या चाचणीवरील निवड यादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली, म्हणजे परीक्षेनंतर वीस महिन्यांनी. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षांची असल्यामुळे एक संधी हुकली तर किती वर्षे खर्ची पडतात, हे हिशेबी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या चाचणीला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले होते. तिच्या आधारे सुमारे २१ हजार पदांची जाहिरात निघाली आणि २५ फेब्रुवारी २०२४ रोजी ११ हजारांहून अधिक उमेदवारांची पहिली शिफारस झाली. स्पर्धा किती तीव्र आहे याची कल्पना एवढ्यावरून यावी.

पदवीची निवड चुकली तर पुढचे सारे कष्ट वाया जातात. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. म्हणजे जुने डी.एड. लागते. बी.एड. झालेल्यांना या वर्गांवर नेमता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. ग्रामीण भागातील जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य शाळा प्राथमिक आहेत. तरीही ‘पदवी मोठी तेवढी बरी’ या समजुतीने अनेक घरे मुलीला बी.एड.लाच घालतात. लहान मुलांना शिकविण्याची जिची आवड आहे, तिच्यासाठी ही समजूत फार महाग पडते. बी.एड.धारकांना सहावी ते आठवीची पदे खुली आहेत, पण ती विषयवार आणि तुलनेने थोडी असतात. शिवाय जाहिरातीत प्रत्येक पदापुढे माध्यम नमूद केलेले असते. तेव्हा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या उमेदवाराने ते आधी पाहावे.

आता जागांविषयी. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचे दोन भाग आहेत. पूर्वेकडे टोमॅटो-कांद्याचा बागायती पट्टा आणि मोठ्या बाजारपेठा, तर पश्चिमेकडे नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर असा सह्याद्रीचा डोंगरी, आदिवासी भाग. पश्चिमेकडील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथील शिक्षकपदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखण्याची अधिसूचना ९ जून २०१४ रोजी निघाली. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये अशा उमेदवारांना मानधनावर नेमण्याची वेळ आली. डोंगरात शाळा आहेत, तेथे कोणी जायला तयार नसते, तर आपल्या मुलीला ती जागा का मिळू नये, असा सूर बाजारपेठेत निघतो. तो रास्त नाही. महादेव कोळी किंवा ठाकर घरातील सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या घरची बोली समजणारा शिक्षक मिळणे ही त्याच्या शिक्षणातली पहिली गरज आहे.

पूर्वेकडील जागा मुळातच कमी. शिक्षकांची संख्या पटावर ठरते. प्राथमिक शाळेत ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक आणि पुढे साधारण तीस मुलांमागे एक. मोठ्या गावांतील सधन घरांनी, आणि त्यांत व्यापारी घरेही आली, आपली मुले इंग्रजी शाळांत धाडली, तसा हा पट उतरला. सुनेला ज्या शाळेत नोकरी हवी, त्या शाळेत नातवाला घालायचे नाही, अशी ही स्थिती आहे. याला अपवाद म्हणून शेजारच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर आहे. २०२५ मध्ये तिला जागतिक शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला.

त्यातच पुणे जिल्ह्यात येऊ इच्छिणारे इतर जिल्ह्यांतील शिक्षक आंतरजिल्हा बदलीच्या रांगेत उभे असतात. त्यामुळे जुन्नरच्या उमेदवाराची शिफारस पालघर, नंदुरबार किंवा गडचिरोलीला होऊ शकते. पसंतीक्रम भरताना कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे, कारण वरच्या पसंतीवर एकदा शिफारस झाली की खालच्या पसंतीचा विचार होत नाही. मुलीचे लग्न ठरण्याच्या वयात ही चर्चा टाळली, तर पुढे दोन्ही घरांना मनस्ताप होतो.

आरक्षणाबाबत समाजात एक भ्रम आहे. जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्या दाखल्यावर जिल्हा परिषदेच्या भरतीत राखीव जागा मिळत नाही. ज्यांची जात इतर मागास वर्गाच्या यादीत आहे, त्यांचा हक्क त्या यादीतून येतो. इतरांना आर्थिक दुर्बल घटकाचा मार्ग आहे, पण त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची ८ लाख रुपयांची मर्यादा आहे. दुकानाचे विवरणपत्र ज्या आकड्यांनी भरले, तेच आकडे येथेही लागू होतात.

आणि मध्यस्थ! ‘इतके लाख द्या, काम होते’ असे सांगणारा अजूनही भेटतो. २०१९ च्या टीईटीतील गैरप्रकार पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आणला आणि पुढे ७,८०० हून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द झाली. त्यांना यापुढे ही परीक्षा देण्यासही मनाई करण्यात आली. बुडालेल्या पैशाची कोठे पावतीही नसते.

निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ पासून प्राथमिकसाठी त्याचे मानधन दरमहा १६ हजार रुपये आहे, पूर्वी ते ६ हजार होते. त्यानंतर २९,२०० रुपये मूळ वेतनाची श्रेणी लागू होते आणि तिच्यावर महागाई भत्ता. दुकानातल्या जुन्या मुनीमाला यापेक्षा अधिक मिळत असेल, असे म्हणणारे वडील पहिल्या तीन वर्षांपुरते खरे बोलतात. परगावी खोलीचे भाडे, गाडीचे पेट्रोल आणि सुटीत घरी येण्याचा खर्च धरला, तर या काळात घरून पैसे पाठवावे लागतात. ती तरतूद निकाल लागण्याआधीच करून ठेवलेली बरी.

जिल्हा मिळाल्यावर कागदपत्रांची पडताळणी होते आणि शाळा समुपदेशनाने मिळते. रिक्त शाळांची यादी समोर असते आणि गुणक्रमाने नावे पुकारली जातात. ज्याचे नाव उशिरा येते, त्याच्यासाठी यादीत उरतात त्या बहुधा रस्ता संपल्यानंतरच्या शाळा. तेथे जायचे की नाही, याचे उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते.